एक पान पुढं

ज्या वर्षी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुसऱ्या तासाला, आमच्या हायस्कुलात ड्रिलच्या सरांच्या हातातून खडू काढून घेण्यात आला. भर वर्गात. फळ्यावरचं समीकरण अर्धं होतं. सरांनी टाचा जुळवल्या, हेडमास्तरांना कडक सलाम ठोकला आणि मुलांना म्हणाले, "बाकीचं पान उघडं ठिवा. मी एक पान पुढंच हाय."

ही अन्यायाची तारीख आहे. ती आधी नोंदवतो, मग बाकीचं सांगतो. पत्रकं लिहून माझा हात असाच वळलाय, त्याला इलाज नाही.

शाळा म्हसवडच्या अलीकडची. मी तिथं नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो आणि उरलेल्या वेळात व्यवस्थेविरुद्ध पत्रकं काढत होतो. ड्रिलचे सर फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. मिशा पिळदार, गळ्यात शिट्टी, आवाज असा की प्रार्थनेला 'सावधान' म्हणाले की समोरच्या हॉटेलातलं गिऱ्हाईकसुद्धा कपबशी ठेवून उभं राहायचं. मला ते 'पत्रकवाले' म्हणत. त्यात किती आदर होता, ते मी कधी तपासलं नाही.

आता असा माणूस गणिताकडं कसा गेला? त्याचं उत्तर सरकारी आहे. विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना उन्हाळ्यात प्रशिक्षण द्यायचं, आणि ते शाळेत टिकावेत म्हणून वर भत्ता द्यायचा, असं अनुदान आलं होतं. पहिल्या वर्षी आमच्या शाळेनं गणिताचे खरेखुरे शिक्षक सांगलीला पाठवले. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ते छान शिकले. इतके छान, की परत येऊन महिनाभरात सांगलीच्याच एका शाळेत लागले. भत्त्यापेक्षा त्यांना नळाचं पाणी जास्त पटलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र आलं तेव्हा हेडमास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. "शिकवून पाठवला की पळतो! या खेपेला जो पळणार नाही तोच पाठवायचा."

मग कोण पळणार नाही याचा शोध लागला. सायन्सच्या बाईंचं लग्न ठरलं होतं, त्या पळणार. मी पळालो तर हेडमास्तर पेढे वाटणार. राहिले ड्रिलचे सर. त्यांचं घर गावात, रान गावात, म्हैस गावात. म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती. एवढा टिकाऊ शिक्षक अख्ख्या माण तालुक्यात मिळाला नसता.

"आवं, पण मला गणित येत न्हाई," सर म्हणाले.

"त्याच्यासाठीच तर प्रशिक्षण आहे," हेडमास्तर म्हणाले.

हसू नका. तुमच्या गावात यापेक्षा शहाणपणानं माणूस निवडला असेल, तर मला कळवा.

सर लोखंडी ट्रंक घेऊन सांगलीला गेले. म्हशीनं त्या सुट्टीत घरादाराला लाथा घातल्या. इकडं वर्गात सगळे बी.एस्सी. झालेले, मध्ये हे. प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "संच म्हणजे काय?"

सर ताडकन उभे. "पलटण, साहेब!"

वर्ग हसला. प्राध्यापक भले असावेत. ते म्हणाले, "ठीक आहे. मग रिकामा संच?"

"समदी रजेवर गेल्याली पलटण. माणूस एक न्हाई, पण नाव रजिस्टरला हाय."

हे मला सरांनीच सांगितलं आणि प्रत्येक वेळी सांगताना हसणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पण जूनमध्ये ते दहावीच्या वर्गावर उभे राहिले, तेव्हा मी दारात होतो, म्हणून हे मात्र खात्रीनं सांगतो. त्यांनी पुस्तक वर धरलं आणि म्हणाले, "पोरांनो, खोटं बोलणार न्हाई. मी तुमच्यापेक्षा फकस्त एका पानानं पुढं हाय. पण पुढं हाय! तुमी मला गाठायचं, मी गाठू द्यायचं न्हाई."

ते पान ते रोज तळ्यावर म्हैस डुंबायला सोडून तयार करायचे. काठावर बसून मोठमोठ्यानं, "अ अधिक ब, कंसाचा वर्ग..." मी एकदा विचारलं, हे कुणाला सांगता? म्हणाले, "म्हशीला. तिनं मान हलवली की समजायचं, मागच्या बाकाला पण कळंल."

चुका व्हायच्या. भरपूर. पहिली चूक शालन नावाच्या मुलीनं पकडली. तिला दहावीनंतर साताऱ्याला जाऊन अकरावी सायन्स करायचं होतं. घरच्यांची अट साधी होती. गणितात चांगले मार्क पडले तर सातारा, नाहीतर सोयरीक. ती उभी राहिली. "आवं सर, उत्तर चुकलं. चिन्ह उलटं पडलंय."

सरांनी फळ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं, टाचा जुळवल्या आणि शालनला खणखणीत सलाम ठोकला. "चूक पकडणाऱ्याला सलाम! बस खाली."

त्या दिवसापासून वर्गाला वेड लागलं. हवालदाराचा सलाम घ्यायचा म्हणून, ज्या पोरांनी आजवर पाढेसुद्धा नीट म्हटले नव्हते, ती घरून गणितं सोडवून यायला लागली. मला शंका आली. एकदा सरांना बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, तुम्ही मुद्दाम चुकता ना?"

सर माझ्याकडं बघतच राहिले. "गड्या, मुद्दाम चुकायला आधी बरोबर यायला लागतंय!"

आणि मग तो सोमवार आला. वरून कागद आला होता. गणिताच्या जागेवर पदवीधरच हवा. नवे सर आलेही होते, सांगलीकडचे, हुशार, पँटची इस्त्री मोडू न देणारे. हेडमास्तर म्हणाले, "हवालदार, आजपासून तुम्ही वर्गात पाऊल टाकायचं नाही."

"मैदानावर?"

"मैदान तुमचंच आहे."

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. मथळा होता 'खडूवर घाला'. सगळ्या गावात वाटलं. गठ्ठा उरला तो सरांनी मागून नेला. मला अभिमान वाटला. नंतर कळलं, पत्रकाची मागची बाजू कोरी होती आणि पोरांना कच्च्या कामाला कागद हवा होता. माझ्या निषेधाच्या पाठीवर वर्गसमीकरणं सुटली. माझ्या कुठल्याही पत्रकानं याहून जास्त काम केलेलं नाही.

नव्या सरांना गणित येत होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण त्यांना गोदामावरची खोली मिळाली होती, पाणी हापशावरून आणावं लागे, आणि रोज संध्याकाळी ते एस.टी. स्टँडवर उभे राहून गाड्यांकडं असे बघत, जसं तुरुंगातला माणूस खिडकीकडं बघतो. एकदा शालननं त्यांचीही चूक दाखवली. तिला वाटलं, सलाम मिळेल. तिला बाहेर उभं केलं. संक्रांतीला नवे सर नव्हते. तिळगूळ घ्यायलाही थांबले नाहीत.

परीक्षा तोंडावर. वर्गात गणिताचा तास म्हणजे नुसती घंटा. आणि गणित शिकवू शकणाऱ्या एकुलत्या एका माणसाला वर्गाचा उंबरा बंद!

शालन सरांकडं गेली. "सर, आमचं काय?"

सरांनी मिशीला पीळ दिला. "वर्गात बंदी हाय. मैदान माजं हाय. उद्यापास्नं दहावीला जादा ड्रिल."

वाचकहो, असं ड्रिल तुम्ही पाहिलेलं नाही. "दाहिने मुड! किती?" "नव्वद!" "पीछे मुड! किती?" "एकशे ऐंशी!" खुंटीला दोरी बांधून चुन्याच्या फक्कीनं वर्तुळ काढलेलं, त्याला एक पोरगा हात पसरून फक्त एका बिंदूत चिकटून उभा, तो स्पर्शिका. तीन पोरं दोरी ताणून काटकोन त्रिकोण. कंटाळा केला त्याला शिक्षा म्हणून मैदानाला फेरी, आणि फेरीचा परीघ सांगितल्याशिवाय पाणी नाही. समीकरणं खाली बसून, माझ्या पत्रकांवर.

फेब्रुवारीत साताऱ्याहून अनुदानाची तपासणी आली. एक साहेब, जाड चष्मा. हेडमास्तर त्यांना ऑफिसात नेत होते, पण साहेबांचे पाय मैदानाकडं वळले.

"हे काय चाललंय?"

"ड्रिल हाय, साहेब!" सरांनी सलाम ठोकला.

"आणि हे वर्तुळ?"

"खो-खोचं."

"खो-खोला स्पर्शिका असते?"

"आमच्यात असती, साहेब."

साहेब हेडमास्तरांकडं वळले. "उन्हाळ्यात प्रशिक्षण घेतलेला शिक्षक कोण?"

हेडमास्तरांनी नाइलाजानं बोट दाखवलं.

"टिकलेला दिसतो. गणित शिकवतो?"

"नियमानं, नाही."

"मग नियमानं कोण शिकवतं?"

"नियमानं... जागा रिकामी आहे."

"रिकामा संच, साहेब," सर मध्येच बोलले. "समदी पलटण रजेवर."

साहेब पोट धरून हसले. चहा घेतला, शालनला एक प्रमेय विचारलं, उत्तर ऐकून शाबासकी दिली. मला वाटलं, जिंकलो. मी मनात पत्रकाचा मथळासुद्धा ठरवला. महिन्याभरानं अहवाल आला. शिक्षक टिकवण्याचं अनुदान शाळेला मंजूर, पण ते गणिताच्या जागेला. जागेवर कुणी नव्हतं. म्हणजे रिकामी खुर्ची कुठं पळून जाऊ नये म्हणून सरकारनं तिची सोय केली!

जूनमध्ये निकाल लागला. वर्ग गणितात तरला. दोघं बुडाले, ते ड्रिललाही दांडी मारणारे होते. शालन साताऱ्याला जाणार हे ठरलं. त्याच आठवड्यात संस्थेनं निर्णय घेतला, की आता गणिताच्या जागेला पैसा आला आहे, तेव्हा ड्रिलची जागा इथून हलवावी. सरांची बदली औंधच्या पलीकडं, संस्थेच्या दुसऱ्या शाखेत. काम, फक्त ड्रिल. म्हैस विकावी लागली. घेणाऱ्याला त्यांनी बजावलं, "धार काढायच्या आधी कायतरी म्हणत जावा तिच्याम्होरं. सवय हाय तिला."

स्टँडवर सगळी दहावी आली होती. सर ट्रंक टपावर चढवून खिडकीशी बसले. एस.टी. रस्त्याला लागायला वळू लागली. सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या कपबशी थांबवणाऱ्या आवाजात ओरडले, "किती?"

"नव्वद!" अख्खा वर्ग.

एकटी शालन हात वर करून गाडीमागं पळत गेली. "आवं सर, चूक! पुरतं नव्वद न्हाई अजून!"

खिडकीतून हात बाहेर आला. कपाळाशी ताठ. गाडी उरलेले अंश वळून रस्त्याला लागेपर्यंत तो सलाम तसाच होता.

आज शाळेत गणिताची जागा आहे. तिला अनुदान आहे, टेबल आहे, खुर्ची आहे. नववीची पोरं तिच्याकडं तोंड करून बसतात. पुढच्या साली हीच दहावीला आहेत.

म्हणून मागणी करतो, आणि ती हेडमास्तरांकडं किंवा साताऱ्याकडं नाही. त्यांना माझी पत्रकं पाठ आहेत. मागणी तुमच्याकडं आहे, कारण पोरं तुमची आहेत. येत्या पालकसभेला या. मागं भिंतीला टेकून बसू नका, पुढं बसा. चहा येईल, तो घेऊ नका. उभं राहून विचारा, "आमच्या पोरांना गणित कोण शिकवतं?" ते मंजुरीचा कागद दाखवतील, मंजूर जागा दाखवतील. तुम्ही खाली बसायचं नाही.

म्हणायचं, जागा नको, माणूस दाखवा. आणि दाखवायला माणूस नसेल, तर औंधकडची पहिली एस.टी. पकडा आणि आमचा माणूस परत आणा.