राजीखुशीने

दौंडच्या कोर्टात नवखं माणूस आलं की वाट विचारायला रतनबाईंकडेच येतं. वकील घाईत, कारकून फायलीत. रतनबाई मात्र जिन्याखालच्या बाकावर, घरच्या ओट्यावर मेथी निवडायला बसल्यासारख्या ऐसपैस. गळ्यात विधी सेवा समितीच्या स्वयंसेविकेचं ओळखपत्र. खुटबावच्या अंगणवाडीत बावीस वर्षं मदतनीस होत्या. रुसलेल्या पोराच्या तोंडात खिचडीचा घास घालायला जो आवाज लागतो, तोच त्या इथंही वापरतात.

त्या मंगळवारी वरवंडचे हौसराव आले ते नोटरी कुठं बसतो हे विचारतच. मागे त्यांची लेक मोनिका, हातातल्या फोल्डरमध्ये स्टॅम्पपेपर.

"नोटरी भायेर, झेरॉक्सच्या शेजारी," रतनबाई म्हणाल्या. "कागद कसला हाय आप्पा?"

"सोडचिठ्ठी. केंदूरला हिच्या सासरी बैठक झाली, पंचांनी ठरवलं. हिची सही झाली की मिटलं."

असाच एक कागद रतनबाईंच्या धाकट्या बहिणीचा, सीमाचा झाला होता. देवळासमोर धनगरवाड्यातले जाणते बसले, सीमानं सही केली आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली ती रतनबाईंनी. अक्षर चांगलं म्हणून त्यांनाच पुढं केलं होतं. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला. 'पोटगी मागणार नाही' असं लिहून दिलंय म्हणून सीमानं बारा वर्षं कुणाकडे काही मागितलं नाही, लोकांच्या कांद्यात खुरपत राहिली. त्या कागदानं लग्न मोडलंच नव्हतं, हे रतनबाईंना कळलं ते समितीच्या प्रशिक्षणात. त्या दिवशी त्या डबा न उघडता घरी गेल्या होत्या.

"नोटरी जेवायला गेला आसंल," त्या म्हणाल्या. "बसा."

"अकरा वाजता?"

"त्याला लवकर भूक लागती."

मोनिकाच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. हौसराव बसले. रतनबाईंनी सांगितलं, की स्टॅम्पपेपरवर लग्न मोडत नाही, ते कोर्टच मोडतं. त्यासाठी समिती वकील देते, फी लागत नाही. शिवाय मोनिका माहेरी राहते, तर अर्ज इथंच करता येतो, केंदूरच्या बाजूला हेलपाटे नकोत.

हौसरावांची मान ताठ झाली. "आमची आठ एकर बागायत हाय, बाई. फुकटचा वकील घ्यायची येळ आली न्हाई अजून."

"बागायत तुमची, आप्पा. बाईमाणसाची जमीन, पगार हितं कुणी बघत न्हाई. बाई हाय, एवढं बास."

"म्हंजी बाई आसणं हाच दाखला?"

"व्हय. बाकी समद्या हापिसांत आडवं येतं, हितं कामाला येतं."

"आन् फुकटचा वकील लक्ष देतो का?"

"कुणी देतो, कुणाच्या मागं लागावं लागतं. मागं लागायला मी हायच."

रतनबाई मोनिकाकडे वळल्या. "बाळा, कागद जरा मोठ्यानं वाच. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा पिशवीत होता.

मोनिका वाचू लागली. तारीख, नावं, गावं भराभर गेली. मग ती हळू झाली. "पोटगी मागणार नाही. मुलगी कायमची वडिलांच्या ताब्यात राहील, तिला भेटण्याचा हक्क मी सांगणार नाही. वरील मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने..." पुढचं वाक्य आलंच नाही. रतनबाईंनी पुढचा शब्द सुचवला नाही.

"पोरीचं कवा ठरलं?" हौसराव म्हणाले. बैठकीत ते मागं बसले होते. सुटका होतेय एवढंच ऐकून त्यांनी मान हलवली होती. "तू हे वाचलं व्हतंस?"

"वाचलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही चारचौघांत शब्द दिला व्हता, आप्पा."

हौसरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तिच्या घड्या चाचपत राहिले. मोनिकाची पोर चार वर्षांची, आईबरोबर त्यांच्याच घरी. सकाळी निघताना त्यांच्याच चपला घालून अंगणभर फिरत होती.

"शब्द मी दिला व्हता," ते म्हणाले. "सही हिची मागत्यात. द्या बाई तुमचा त्यो वकिलाचा अर्ज."

मोनिका लिहायला बसली. हौसरावांनी तिथूनच केंदूरला फोन लावला. "सही व्हनार न्हाई. आम्ही कोर्टात येतो, तुम्ही बी या. भांडण न्हाई. मोनिका राजी न्हाई, एवढंच." पलीकडून आवाज इतका चढला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला, पण ठेवला नाही.

मोनिकाचं पेन पहिल्याच ओळीवर अडलं होतं. "मावशी, आडनाव कुठलं लिहू? सासरचं का माहेरचं?"

"आधार कार्डावर जे आसंल ते लिही," रतनबाई म्हणाल्या आणि पिशवीतून चष्मा काढून तिच्याशेजारी सरकल्या.