पाचवी ड ची रांग

“सर, आपटा गावच्या एका मुलीला पाचवी अ हवी आहे,” मी म्हणाले.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की उत्तर ‘नाही’ असायचं, हे शिपायालाही ठाऊक होतं.

“बाई, तुकडी मागून मिळत नाही. रांगेत मिळते. नियम सगळ्यांना सारखा.”

ही गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. पनवेलच्या एका हायस्कूलमध्ये मी गणित शिकवायचे, तेही अ आणि ब तुकडीलाच. पाचवीच्या तुकड्या चार. ड ला गणित पी.टी.चे सर शिकवायचे, कारण त्यांचे तास रिकामे असत. सर माणूस भला, पण अपूर्णांकही शिट्टी वाजवूनच शिकवायचे.

मुलगी होती तुळसाबाईंची. तुळसाबाई आपट्याहून भाजी घेऊन यायच्या आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसायच्या. त्यांची मोठी लेक आमच्याच ड मधून दहावीला बसली, गणितात नापास झाली आणि आता घरी मेथीच्या जुड्या बांधत होती. धाकटी मंदा गावच्या शाळेत चौथीत पहिली आली होती.

“बाय, हिला तरी ड नको,” त्या मला म्हणाल्या होत्या. “पन ती आपट्याचीच तुकडी हाय ना? सरकारनंच दिलेली?”

“असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“कोनी कशाला सांगाया पायजे? आमच्या गावची सगली पोरं तिथंच बसतात. आमी सोताच सांगतो, आमची ती ड.”

मला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. नऊ वर्षं मी त्या शाळेत होते. ‘ड वर ऑफ तास म्हणजे पगारी आराम’ हा स्टाफरूममधला विनोद मीच सुरू केला होता.

मुख्याध्यापकांकडून निघाले ती थेट ऑफिसात गेले आणि जनरल रजिस्टर काढायला लावलं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. नाव, जन्मतारीख, जात, मागची शाळा, सगळं त्यात असतं. अ तुकडीच्या पानांवर जातीच्या रकान्यात दोन-तीनच शब्द फिरून फिरून येत होते. ड च्या पानांवर आगरी, कातकरी, बौद्ध. दरवर्षी तसंच.

“भाऊसाहेब, हे असं कसं?” मी क्लार्कना विचारलं.

“कसं म्हणजे? पहिले साठ फॉर्म अ, पुढचे साठ ब. मला सोपं पडतं.”

“फॉर्म किती वाजता घ्यायला लागता?”

“सातला.”

“आणि आपट्याची पहिली एस.टी. किती वाजता येते?”

“साडेआठला. आता एस.टी.चं टाइमटेबल काय मी करतो?”

मी पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले. ते दुखावले. “बाई, मी आजवर एकाही पोराची जात विचारलेली नाही.” हे अगदी खरं होतं. त्यांना विचारायची गरजच पडली नव्हती. ते काम एस.टी. करत होती.

“मग फॉर्म नऊला सुरू करू या.”

“बारा वर्षं सातला सुरू होतायत,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी मी तुळसाबाईंना सात वाजताची भानगड सांगितली. मंदाला घेऊन आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला या, असंही म्हटलं. त्यांनी मान हलवली. पण ही बातमी त्यांनी भाजी मार्केटातल्या झाडून सगळ्या बायकांच्या कानावर घातली, हे मला काय माहीत!

प्रवेशाच्या दिवशी मी पावणेसातला शाळेत पोचले. फाटकाबाहेर तीन टेम्पो आणि एक ट्रक उभा. रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. आपटा आणि आजूबाजूच्या गावांतले शंभरावर आईबाप, बरोबर तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली पोरं. सर्वांत पुढे तुळसाबाई.

भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे फॉर्म घेतले. आठाच्या आत अ आणि ब भरल्या. शहरातली मंडळी नेहमीप्रमाणे सातनंतर स्कूटरवरून आली. कुणी क मध्ये गेलं, कुणी ड मध्ये. एका डॉक्टरांच्या मुलाला ड मिळाली, एका बँक मॅनेजरांच्या मुलीलाही ड. डॉक्टर आणि मॅनेजर दोघेही तडक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरले.

दुपारी मला बोलावणं आलं.

“बाई, हा अन्याय आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोराचं भवितव्य असं रांगेवर ठरवायचं?”

“पण सर, नियम सगळ्यांना सारखा.”

त्यांनी चष्मा चढवला. “चिठ्ठ्या टाका,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या बादलीत टाकल्या. पी.टी.च्या सरांनी शिट्टी वाजवून एकेक काढली. अ मध्ये आपटा आलं, ड मध्ये बँक आली. डॉक्टरांच्या मुलाला पुन्हा ड च निघाली. आणि मंदालाही ड.

माझं मन खट्टू झालं. एवढा खटाटोप केला आणि पोर होती तिथेच.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी पाचवीचं टाइमटेबल नव्याने लावलं. “ड ला गणित तुम्ही घ्या. डॉक्टर विचारत होते.”

“आणि पी.टी.चे सर?”

“ते मैदानावर बरे.”

घरी जाताना तुळसाबाईंना तोंड कसं दाखवायचं, हाच विचार होता. “ड निघाली हो,” मी सांगितलं.

“गनित कोन शिकवनार?”

“मी.”

“मंग ड तं ड. आमाला कुठं नवीन हाय?” त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली.

नोकरीत मी शाळेला सुधारणेचे पुष्कळ अर्ज लिहिले. मुद्देसूद, अनुक्रमांक घालून. पण त्या तीन टेम्पोंनी आणि एका ट्रकने जेवढं पटवलं, तेवढं माझ्या एकाही अर्जाला पटवता आलं नाही.