नातीच्या चंद्रावर माझी लाल पेन्सिल

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं ड्रॉइंगं तपासली. म्हणजे दुसऱ्यांनी ती काढायची आणि मी त्यांत चुका काढायच्या. या नोकरीतून माणूस निवृत्त होतो, हात होत नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे डावा पार्ट उजवा काढणं. ते पाप मी लांबून ओळखायचो आणि, सांगायला लाज वाटते, पण ओळखलं की फार बरं वाटायचं.

माझी नात आठ वर्षांची. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात, पर्थला असतात. तिथल्या शाळेनं मुलांना चंद्राची वही करायला सांगितली होती. अमावास्येनंतर रोज संध्याकाळी अंगणात जायचं आणि चंद्र दिसेल तसा काढायचा. नातीनं सहा दिवसांचे सहा चंद्र काढले आणि हौसेनं मला फोटो पाठवला. बघतो तर वाढत्या चंद्राची कोर डावीकडून उजळलेली! शुक्ल पक्षातली कोर उजवीकडून उजळते हे मला चौथीच्या पुस्तकापासून पाठ. झालं. मी फोटो छापून आणला, सहाही चंद्रांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारल्या, शेजारी सहा ‘बरोबर’ चंद्र काढले, खाली ‘आरशातलं चित्र, पुन्हा काढणे’ असा शेरा लिहिला आणि परत पाठवलं. सहीसुद्धा केली.

पोरीचा माझ्यावर विश्वास. तिनं स्वतःचे चंद्र खोडले, माझे उतरवले आणि वही दिली. बाईंनी वर्गात विचारलं, की तू बाहेर जाऊन बघितलंस की कुठून तरी उतरवलंस? सहा संध्याकाळी डास चावून घेत अंगणात उभी राहिलेली ती पोर सगळ्यांसमोर खोटी ठरली.

त्या दिवसापासून ती फोनवर येईना. मुलगी सांगायची, अभ्यास करतेय, आंघोळ करतेय. एवढ्या आंघोळी आमच्या खानदानात कुणी केल्या नव्हत्या. शेवटी एकदा मुलीनं खरं सांगितलं.

“बाबा, इथून चंद्र उत्तरेकडे दिसतो. तुमच्या मानानं आम्ही डोक्यावर उभे आहोत. कला तीच, दिवस तोच, फक्त डावं-उजवं उलट. तिचं बरोबर होतं.” मग म्हणाली, “ती म्हणते, आबा न बघताच तपासतो.”

तेहतीस वर्षांत माझ्यावर असा शेरा कुणी मारला नव्हता.

पुढची अमावास्या उलटली आणि उगादी, म्हणजे इथला पाडवा, आली. उगादीच्या दुसऱ्या दिवशी इथे संध्याकाळी गच्चीवर चंद्रदर्शन करतात. कोर दिसली की धाकट्यांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. आमचं घराणं या गावात इतक्या पिढ्यांचं की पाडव्याची गुढीही आमची आणि हा चंद्रही आमचाच. पण मी दरवर्षी गच्चीवर जायचो तो खालच्या मजल्यावरच्या अक्का ओबट्टू वाटतात म्हणून. ओबट्टू म्हणजे पुरणपोळीच, आणि ती खाताना मान खाली असते.

यंदा मान वर केली. हेब्बाळच्या इमारतींच्या वर कोर होती. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. पसरट वाटीसारखी चक्क उताणी! आपण विषुववृत्ताच्या जवळचे, म्हणून या दिवसांत ती अशी आडवी दिसते, हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त अक्कांना विचारलं, ही अशी कशी?

“पहिल्यापासून अशीच,” अक्का म्हणाल्या. “अण्णा, तुम्ही इतकी वर्षं कुठल्या आकाशाखाली राहिलात?”

म्हणजे माझे सहा बरोबर चंद्र पर्थचे नव्हते, बेंगळुरूचेही नव्हते. पुस्तकातल्या कुठल्या तरी थंड देशाचे होते. मी खाली आलो, दिसली तशी वाटी काढली, खाली ‘आबा चुकला, तू बघून काढलं होतंस’ असं लिहिलं आणि नातीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला फोन वाजला. तिच्याकडे नऊ वाजले होते, तिचा चंद्र मावळून गेला होता.

“आबा, तुझा चंद्र पडलाय.”

“पडला नाही गं, आडवा झालाय. इथे तसाच दिसतो.”

“बघितलास? का पुस्तकातून?”

बघितला, आणि साक्षीदारही आहे, असं मी म्हणालो. तिला साक्षीदार हवाच होता. म्हणून फोन घेऊन अक्कांकडे गेलो. आमच्या घरी ऐकून ऐकून जमवलेल्या मराठीत अक्कांनी साक्ष दिली, की होय, तोंड उघडं टाकून बघत होता तुझा आबा. पलीकडून महिन्याभरानं तिचं हसू ऐकू आलं. अक्कांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मग नातीनं सांगितलं, की बाईंनी वही परत दिली आहे आणि या महिन्याचे चंद्र ती नव्यानं काढणार आहे. एका पानावर तिचा, समोरच्या पानावर माझा. “पण तू बघूनच सांगायचं. दिसला नाही तर नाही म्हणायचं.”

एवढं झाल्यावर तिनं माझ्यासाठी पान राखून ठेवावं, ही तिची कृपाच. रोज संध्याकाळी मी गच्चीवर जातो आणि जे दिसेल ते कळवतो. परवा आभाळ भरलेलं होतं. मी म्हणालो, आज नाही दिसला. तिनं माझ्या पानावर ढग काढला.