सुवर्णानं टाकलेला नवरा

सुवर्णाची जीभ तिच्या दोन पावलं पुढं चालायची. पुढं जाऊन खड्डा खणायची आणि मागून येऊन सुवर्णा त्यात पडायची. हे तिचं स्वतःचंच म्हणणं.

त्र्याण्णव साली ती चार वर्षांच्या दीपमालाला काखेत मारून मखमलाबादला आईकडे परत आली. आईचा, गोजराबाईचा, वीस गुंठे मळा होता. त्यात झेंडू आणि शेवंती. सुवर्णा फुलं तोडून नाशकाच्या बाजारात विकू लागली. नवरा कुंदन कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं चांदवडला दुसरी बाई केली होती. पण ते सांगायला सुवर्णाची जीभ कधी नव्हे ती अडायची. कुणी विचारलं, "काय गं, माहेरीच का?" की ती फुलं जोखता जोखता म्हणायची, "टाकलाय मी त्याला. नासका कांदा घरात कशाला ठेवायचा?" बायका हसायच्या. हे वाक्य तिला इतकं आवडलं, की पुढं पुढं कुणी न विचारताही ती ते ऐकवू लागली.

दोन वर्षांनी गोजराबाईचे गुडघे गेले, मळा सुवर्णाच्या एकटीच्या अंगावर पडला आणि दीपमालाची शाळा सुरू झाली. तेव्हा कुणीतरी सुचवलं, नवऱ्यानं सोडलेल्या बाईला, लेकरू लहान असलं तर, सरकार दर महिन्याला निराधार अनुदान देतं. सुवर्णा तहसील कचेरीत गेली. बाहेर बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्यानं 'परित्यक्ता' असा शब्द लिहिला.

"म्हणजे काय?"

"टाकलेली."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण सही केली.

चौकशीला तलाठी घरी आले. सुवर्णा डोक्यावरून पदर घेऊन, चेहरा पाडून उभी राहिली. आरशात सराव केला होता. शेजारपाजारचे जमले. तलाठ्यांनी विचारलं, "हिला नवऱ्यानं टाकलंय का?"

शेजारच्या नवसाबाईला हा अपमान सहन झाला नाही. "छ्या! त्याची काय छाती हाय? हिनंच टाकलाय त्याला. नासका कांदा म्हणती ही त्याला!" बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळे बिचारे तिचीच अब्रू राखत होते. तलाठ्यांनी लिहिलं, 'अर्जदार स्वखुशीने वेगळी राहते.' अर्ज नामंजूर झाला.

"गावावर कशाला चिडती?" गोजराबाई म्हणाली. "तूच शिकवलेलं म्हणून दाखवलं त्यांनी."

मग पोटगीचा दावा. वकीलबाईंनी तिला बजावलं, विचारतील तेवढंच बोलायचं. कुंदन इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "मी तर नांदवायला तयार आहे. हीच येत नाही." त्याच्या वकिलानं सुवर्णाला विचारलं, "नवऱ्याला मी टाकलंय, असं तुम्ही बाजारभर सांगत होता. खरं की खोटं?"

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"खरं हाय," सुवर्णा म्हणाली. "मग काय सांगायचं होतं? नवऱ्याला मी नको झाले, असं? देवाला फुलं कोण घेईल अशा बाईकडून?" आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "चांदवडला गेले मी, साहेब. खरं-खोटं बघायला. पोरगी कडेवर. ती बाई दारात आली, बस म्हणाली, पाणी दिलं. तांब्या माझा. आंदणातला. वर माझं नाव कोरलेलं."

मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर केली. "मग?"

"मग काय, प्याले. ऊन लय होतं."

कोर्टात हसू फुटलं. सुवर्णाही हसली, आणि हसता हसताच तिला रडू कोसळलं. साहेबांनी कुंदनला विचारलं, "तांब्या तिकडे कसा गेला?"

कुंदन खाली बघत पुटपुटला, "घरात... जास्तीचा होता."

मायलेकी दोघींना पोटगी मंजूर झाली. कुंदननं तीन महिने दिली. मग गाडी बदलली, गाव बदललं आणि तो कुठं मध्य प्रदेशाकडे गेला, त्याचा पत्ता लागला नाही. वॉरंट निघालं ते तसंच परत आलं. उरला तो निकालाचा कागद. सुवर्णानं तोच जोडून पुन्हा निराधारचा अर्ज केला. ह्या खेपेला चौकशीच्या वेळी नवसाबाईनं असा गळा काढला, की तलाठ्यांनी विचारलं, "टाकलेली नक्की कोण? ह्या की तुम्ही?"

अनुदान सुरू झालं. रक्कम बेताची, तीही कधी दोन-दोन महिने थकायची. पण वह्या, गणवेश, बसचा पास त्यातून निघाला. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला ती तहसीलला जायची आणि घरी येऊन सांगायची, "जिवंत हाय मी. शिक्का मारून आणलाय."

दोन हजार नऊ साली दीपमाला सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. दुसऱ्याच आठवड्यात सुवर्णा कचेरीत हजर. "अनुदान बंद करा, पोरगी कमावती झाली." कारकुनानं तिच्याकडे निरखून पाहिलं. बंद करायला आपणहून आलेलं माणूस त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं कोरा कागद दिला, तिनं वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या, सही ठोकली आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर पडली.

हा तोरा बसस्टॉपपर्यंत टिकला.

"अगं दीपमाला," घरी आल्यावर ती म्हणाली, "दिवाळी झाल्यावर गेले असते तर काय बिघडलं असतं गं?"