आजोबा बिल खिशात घालतात

चादरीची अर्धी घडी झाली होती, तेवढ्यात नात दारात आली. "आजोबा, बर्गर खायला चला. पण एक अट आहे, काउंटरवर भांडायचं नाही."

आजोबांनी चादर तशीच खाटेवर टाकली. तीस वर्षं ते बसचे कंडक्टर होते. कुणाचे सुटे पैसे बुडवले नाहीत, कुणाला फुकट सोडलं नाही. पण मागे एका ऑफरवरून त्यांनी अशी हुज्जत घातली, की पोरगी लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर तीन महिने तिने त्यांना कुठे म्हणून नेलं नव्हतं. वाटेत ते मनात म्हणत होते, देवा, आज तेवढं बिल बरोबर येऊ दे.

देवाने काही मनावर घेतलं नाही. फलकावर दुसरा बर्गर अर्ध्या किमतीत होता आणि बिलात दोन्ही पूर्ण किमतीचे. आजोबांना ते पहिल्याच नजरेत दिसलं. त्यांनी बिल खिशात घातलं आणि मोठा घास घेतला.

"एवढे गप्प का? बिल चुकलंय ना?"

"छे गं! अगदी बरोबर आहे."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आजोबा. द्या इकडे."

ती काउंटरवर गेली. "ताई, यात ऑफर लागलेली नाही. जरा बघता का?"

"अगं बाई, मशीन पुन्हा विसरलं वाटतं," म्हणत तिथल्या मुलीने वरचे पैसे परत दिले.

आजोबा बघतच राहिले. "एवढ्यात झालं?"

"झालं. आता वह्या आणायलाही चला माझ्याबरोबर."

मग दोघं तिच्या शाळेच्या वह्या आणायला गेली.