दोन रुपयांची शिकवणी

कर्जतला पेटी शिकवायचे मी महिन्याला दोन रुपये सांगत असे. हातात पडत आठ आणे. दोन सांगितल्याशिवाय ते आठ आणेही कोणाच्या खिशातून निघत नसत, म्हणून सांगायचे. खालापूरकडची भजनी मंडळी तर म्हणत, "मास्तर, भात झोडलं की देऊ. आमी काय पळून जातो का?" पळत कोणीच नसे. पायपीट तेवढी माझी होई.

अशात धंद्यांवर कर बसला आणि आकारणीचा कारकून माझ्या ओटीवर आला. हा गृहस्थ वर्षभर माझ्याकडेच पेटी शिकत होता. सरकारी माणूस, म्हणून मी कधी पैसे मागितले नाहीत. त्यानेही कधी विषय काढला नाही.

"शिकवणीचं काय घेता?" त्याने विचारले. सवयीने तोंडून निघून गेले, "दोन रुपये." त्याने ते तसेच लिहून घेतले. माझ्याशी घासाघीस न करणारा हा पहिलाच माणूस. खरे किती मिळतात ते मी मग परोपरीने सांगितले, पण तो म्हणाला, "अहो, सगळ्या गावाला तुम्ही दोनच सांगता."

मग त्याने शिष्य मोजले. एक जास्त भरला.

"तुमची मोजण्यात चूक झाली," मी म्हटले.

"चूक कशी? मी नाही का शिकत?"

कर मी भरला. त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी आला, पेटीसमोर बसला आणि म्हणाला, "हं मास्तर, आज पुढचं शिकवा."

मी शिकवले.