अफिफाची राखाडी पट्टी

जुन्नरचे अजीज मणियार आंबेगावातल्या गावागावांत बांगड्या विकायचे. त्यांची मुलगी अफिफा अवसरीला इंजिनिअरिंग शिकली आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करू लागली. कंपनीचं काम आटोपलं की ती स्वतःच्या हौसेने बनवलेलं एक वेबपान सांभाळायची. त्यावर आपलं गाव निवडायचं. शिवारात कुणी बिबट्या पाहिल्याची नोंद असेल तर लाल पट्टी दिसे, नसेल तर हिरवी.

एका दुपारी महाळुंगे पडवळहून बयाबाईंचा फोन आला. अजीजभाईंच्या त्या जुन्या गिऱ्हाईक.

"पोरी, शेजारच्या भगवंतानं उसाकडंला बिबट्या बघून नोंद केली व्हती. पन वावरात माझ्या फोनवर पट्टी हिरवीच. आमी बाया निवांत खुरपत व्हतो. त्यानं हाका मारल्या म्हनून उठलो."

अफिफाने आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, तर पट्टी लालच. बयाबाईंचा फोन जुना आहे, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने लॅपटॉप उचलला आणि म्हणाली, "अब्बा, मला महाळुंग्याला सोडा."

गावात, बयाबाईंच्या दारात पट्टी लाल दिसली. त्याच फोनवर बांधापाशी मात्र ती हिरवी. अफिफा फोन हातात धरून घर ते बांध अशा येरझाऱ्या घालत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. बांधावर रेंज जेमतेम. पान आधी उघडायचं, नोंदी मागाहून यायच्या. नोंदी हातात नसताना पान धरून चालायचं की बिबट्या नाहीच, आणि हिरवी पट्टी लावून मोकळं व्हायचं. मागून नोंद आली तरी पट्टी पुन्हा तपासायची, हे तिने पानाला सांगितलेलंच नव्हतं.

बयाबाईंच्या ओसरीवर बसून तिने ते दुरुस्त केलं. बांधावर पुन्हा पाहिलं. हिरवी आली आणि थोड्या वेळाने लाल झाली.

"झालं, काकी."

बयाबाईंनी मान हलवली. "न्हाई झालं. पयली हिरवी दिसली की फोन कमरंला खोचून मी वावरात शिरते. मागनं लाल झाली ते मला कसं कळायचं?"

अफिफा हसली आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसली. 'आहे' आणि 'नाही' एवढंच तिने धरलं होतं. 'अजून माहीत नाही' याला तिच्या पानावर जागाच नव्हती. तिने तिसरी पट्टी केली, राखाडी: 'थांबा, माहिती येत आहे.' नोंदी पोचल्याशिवाय हिरवी दिसणारच नाही, अशी अट घातली.

या वेळी बांधावर फोन बयाबाईंनी धरला. दुपारच्या खुरपणाऱ्या बायाही पाहायला भोवती जमल्या. राखाडी पट्टी आली. कुणी पाय उचलला नाही. मग ती लाल झाली.

"आता बरूबर," बयाबाई म्हणाल्या आणि बायांना घेऊन गावाकडे वळल्या.

परतताना अजीजभाई चहाला थांबले. टपरीवाल्याने विचारलं, "आज पोरगी बरूबर?"

"तिचं काम होतं इथं," ते म्हणाले. "मी नुसता गाडी चालवायला आलोय."

हे सांगताना त्यांची छाती फुगलेली अफिफाला दिसली. एरवी ती लाजली असती. आज तिने टपरीवाल्याचा फोन मागून घेतला आणि त्याला पान उघडून दाखवलं.